नळीचं ऑपरेशन झालेलं असताना पाळी चुकली तर

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली की घरात पहिला अंदाज निघतो अशक्तपणाचा, दुसरा पाळी जायचं वय जवळ आल्याचा. दिवस गेले असतील हे सगळ्यात शेवटी सुचतं. सुचलं तरी ती बोलत नाही, कारण "ऑपरेशन झालेलं असताना पुन्हा कसं राहिलं?" हा प्रश्न डॉक्टरला नाही, तिलाच विचारला जाणार असतो. या सगळ्यात दोन-तीन आठवडे जातात, आणि गर्भ पिशवीऐवजी (गर्भाशयाऐवजी) नळीत असेल तर नेमके तेच आठवडे महत्त्वाचे असतात.

हा लेख नळीवर कसलंही ऑपरेशन झालेल्या सगळ्यांसाठी आहे: नळ्या बांधलेल्या, बांधलेल्या पुन्हा जोडून घेतलेल्या, बंद नळी उघडून घेतलेल्या, आणि आधी एकदा नळीतला गर्भ काढावा लागलेल्या. भर मात्र पहिल्या गटावर आहे, कारण आपल्याकडे त्यांची संख्या प्रचंड आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं.

असं होतं कसं

बीज आणि शुक्राणू यांची गाठ नळीतच पडते. तिथून ते फलित बीज नळीच्या आतल्या बारीक केसांच्या हालचालीने चार-पाच दिवसांत पिशवीत उतरतं. नळी बांधली, कापली, जाळली किंवा जोडली की त्या जागी व्रण राहतो. कधी कापलेल्या टोकांमध्ये सूक्ष्म वाट तयार होते. त्या वाटेने शुक्राणू जातो, पण फलित बीज त्याच्या कितीतरी पट मोठं असतं, ते परतीच्या वाटेत अडकतं आणि तिथेच रुजतं. नळीची भिंत पातळ असते. गर्भ वाढू लागला की ती ताणते, रक्त झिरपू लागतं आणि शेवटी फुटते.

अमेरिकेत 10,685 नसबंदी झालेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला 'क्रेस्ट' नावाचा मोठा अभ्यास आहे. त्याचे नळीतल्या गर्भाबद्दलचे निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत दर हजार ऑपरेशनांमागे 7.3 वेळा नळीत गर्भ राहिला. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापून काढलेल्यांत हा आकडा 1.5 होता, तर तिशीच्या आत बायपोलर करंटने नळी जाळलेल्यांत 31.9. आणखी एक गोष्ट या अभ्यासाने दाखवली: ऑपरेशननंतर चौथ्या ते दहाव्या वर्षातला धोका पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी नव्हता. त्यामुळे "आता आठ वर्षं झाली, आता काय व्हायचंय" या बोलण्याला आधार नाही.

घाबरून नसबंदीच नको म्हणण्याचंही कारण नाही. ऑपरेशन झालेल्या बाईला मुळात दिवस जाण्याचीच शक्यता फार कमी असते, म्हणून तिचा एकूण धोका कुठलंच साधन न वापरणाऱ्या बाईपेक्षा कमीच राहतो. पण दिवस गेलेच तर हिशेब उलटतो. एरवी शंभर गर्भांमागे एक-दोन नळीत असतात. क्रेस्टमध्ये नसबंदीनंतर राहिलेल्या गर्भांपैकी जवळपास एक तृतीयांश नळीत होते. म्हणून नळीचं ऑपरेशन झालंय आणि किट पॉझिटिव्ह आलंय, तर गर्भ पिशवीत दिसेपर्यंत तो नळीत आहे असं धरूनच पुढचं सगळं करायचं.

आधी कागद शोधा

हे काम पाळी चुकायच्या आधीच, आज करण्यासारखं आहे. "माझं ऑपरेशन झालंय" एवढ्याने डॉक्टरला फार कळत नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढच्यापैकी काय लिहिलंय ते पाहा: मिनीलॅप किंवा पोमेरॉय, म्हणजे छोटी चीर देऊन नळीचा तुकडा काढला, दुर्बिणीचं असेल तर बहुतेक फॅलोप रिंग, म्हणजे नळीच्या घडीवर बसवलेली सिलिकॉनची रिंग, सिझेरियनच्या वेळीच केलं असेल तर तसा उल्लेख. सरकारी शिबिरात झालं असेल तर नसबंदीचं प्रमाणपत्रही असायला हवं. ते ऑपरेशनच्या दिवशी मिळत नाही, महिन्याने किंवा पहिली पाळी आल्यावर तपासून देतात, आणि टाके काढल्यावर परत कोण जातं? म्हणून पुष्कळ जणींकडे ते नसतंच. आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत नाव सापडतं.

नळ्या जोडून घेतल्या असतील तर उरलेली नळी किती सेंटिमीटर होती हे ऑपरेशनच्या नोटमध्ये असतं. आधी नळीत गर्भ राहिला असेल तर नळी पूर्ण काढली की चीर देऊन नुसता गर्भ काढला, आणि कुठल्या बाजूची, हे माहीत असू द्या. सगळ्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, नवऱ्याच्या मोबाइलमध्येही.

पाळी चुकली: आधी तपासणी

नेहमीची तारीख उलटून आठवडा झाला की किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. निगेटिव्ह आलं आणि पाळी आलीच नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. पोटात दुखत असेल तर किटच्या भरवशावर बसू नका, रक्ताची बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारं हार्मोन) तपासणी करा; त्याचं कमी प्रमाण लघवीत कधी कधी धरलं जात नाही.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. नळीत गर्भ असलेल्या पुष्कळ जणींची पाळी त्यांच्या मते चुकलेलीच नसते. अंगावर गेलेलं असतं, फक्त ते नेहमीसारखं नसतं: काळपट, थोडं थोडं, चार दिवसांऐवजी दहा दिवस रेंगाळणारं, किंवा तारखेच्या पुढेमागे आलेलं. विचारलं की सांगतात, "आली होती की." म्हणून शेवटच्या पाळीची तारीख सांगताना तिच्या आधीचीही सांगा, आणि शेवटची नेहमीसारखी होती का तेही.

गोळी घेऊ नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. किटवर दोन रेघा दिसल्या की पुढचा थांबा मेडिकलचं दुकान असतो. बहुधा नवरा जातो, हळू आवाजात मागतो, आणि गर्भपाताच्या एक अधिक चार अशा पाच गोळ्यांचं पाकीट चिठ्ठीशिवाय कागदात गुंडाळून मिळतं. असं विकणं बेकायदा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भासाठी आहेत. नळीतल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही. पण गोळी घेतल्यावर पिशवीचं अस्तर सुटतं, रक्त जातं, पोट दुखतं, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. नळीतला गर्भ मात्र वाढतच राहतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा दुखू लागलं की ते गोळ्यांमुळेच आहे असं समजून पेनकिलर घेतली जाते, आणि नळी फुटते तेव्हा कुणाच्या डोक्यात गर्भ हा शब्दही नसतो. गर्भ नको असेल तर त्यासाठी कायदेशीर, सुरक्षित सोय आहे. पण आधी तो कुठे आहे ते पाहायचं, मग गोळी. पाळी आणायची गोळी, काढा, पपई यांचंही तेच. आणि गोळ्या घेऊन झाल्याच असतील तर ते डॉक्टरपासून लपवू नका.

दवाखान्यात

आत गेल्यावर सरळ असं सांगा: "माझं नळीचं ऑपरेशन झालंय, पाळी लांबलीय, किट पॉझिटिव्ह आहे, गर्भ कुठे आहे ते बघायचंय." एवढं ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहून परत पाठवणार नाही. नुसतं "पोटात दुखतंय" म्हणालात तर पाठवू शकतो.

सोनोग्राफीला जाताना आधार कार्ड न्या. गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी लिंगनिदान बंदी कायद्याखाली एफ फॉर्म भरावाच लागतो, ओळखपत्र नसेल तर केंद्रवाले अडवतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. सोनोग्राफी आतून, म्हणजे योनिमार्गातून करायला सांगा. पाच-सहा आठवड्यांना पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत नळीतलं सहसा नीट दिसत नाही. भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायची ती पोटावरच्या तपासणीसाठी. आतून करायची असेल तर लघवी करून जायचं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण पाच-दहा मिनिटांचं काम आहे. लाजून नको म्हणू नका.

रिपोर्ट हातात आला की त्यातले काही शब्द ओळखता यायला हवेत. पिशवीत 'जेस्टेशनल सॅक' आणि तिच्या आत 'योक सॅक' किंवा गर्भ दिसला असेल, तर गर्भ जागेवर आहे. नुसती पाण्याची पोकळी दिसली आणि योक सॅक नाही, तर खात्री नाही. नळीत गर्भ असतानाही पिशवीत असा फसवा फुगा दिसू शकतो. 'ॲडनेक्सल मास' किंवा 'ट्यूबल रिंग' म्हणजे अंडाशयाशेजारी, नळीच्या जागी काहीतरी आहे. 'फ्री फ्लुइड इन पीओडी' म्हणजे पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत पाणी किंवा रक्त साचलंय. थोडं असेल तर एरवीही असू शकतं, जास्त आणि दाटसर असेल तर धावपळ करायची वेळ आली.

आणि एक ओळ अशी येते की जी वाचून लोक निर्धास्त होऊन घरी जातात: 'प्रेग्नन्सी ऑफ अननोन लोकेशन', किंवा 'नो इंट्रायुटेराइन प्रेग्नन्सी सीन'. घरात त्याचा अर्थ लावला जातो, "काही नाही निघालं." किट पॉझिटिव्ह आणि पिशवी रिकामी, याचा अर्थ गर्भ अजून सापडलेला नाही. शोध चालू ठेवायचा.

बीटाचे आकडे

अशा वेळी रक्तातलं बीटा एचसीजी आज आणि बरोबर 48 तासांनी करतात. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये द्या, कारण लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकड्यांची तुलना फसते. पिशवीतला निरोगी गर्भ असेल तर पहिला आकडा 1500 च्या खाली असताना दोन दिवसांत तो निदान 49 टक्के वाढायला हवा. 1500 ते 3000 असताना 40 टक्के. 3000 च्या वर 33 टक्के.

समजा पहिला आकडा 800 आला. दोन दिवसांनी तो निदान 1192 हवा. 950 आला, म्हणजे वाढ 19 टक्क्यांच्या आसपास, तर गर्भ एकतर नळीत आहे किंवा पिशवीतला टिकणार नाही. 400 आला तर गर्भ आपोआप जिरतोय, पण कुठला ते अजून कळलेलं नाही, म्हणून आकडा शून्यावर येईपर्यंत तपासत राहायचं; उतरत्या आकड्यातही नळी फुटू शकते. नीट वाढला म्हणूनही सुटका नाही, कारण नळीतले काही गर्भ सुरुवातीला अगदी छान आकडे दाखवतात. आकडा 3500 च्या वर गेला आणि आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवी रिकामीच, तर संशय पक्का होत जातो.

ही तपासणी महाग वाटते आणि दुसरी वेळ टाळली जाते. एकट्या आकड्यावरून गर्भ कुठे आहे ते कळत नाही, म्हणून पहिला केला असेल तर दुसरा कराच.

हे झालं तर ओपीडीची वाट पाहायची नाही

ओटीपोटात एका बाजूला अचानक जोरात कळ. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. पांढरीफटक पडलेली जीभ आणि नखं, थंड घाम. आणि खांद्याच्या टोकाला दुखणं, विशेषतः आडवं झाल्यावर. हे शेवटचं लोकांना विचित्र वाटतं. पोटात साचलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला टोचतं आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. तिथे बाम चोळून उपयोग नाही.

आणखी एक खूण. पिशवीमागे रक्त साचलं की संडासला लागल्यासारखं वाटतं. बाई आत जाते, बसते, होत काही नाही, उठताना भोवळ येऊन तिथेच कोसळते. दार आतून लावलेलं असतं. घरातले म्हणतात पोट बिघडलं, लिंबूपाणी द्या. पाळीचा घोळ चालू असलेल्या बाईला असं झालं तर लिंबूपाणी नको, काहीच तोंडाने देऊ नका, कारण तासाभरात भूल द्यावी लागू शकते. तिला आडवं करा, पाय उंच ठेवा, 108 ला फोन करा. स्कूटरवर मध्ये बसवून न्यायचं नाही.

न्यायचं कुठे, हे ठरलेलं असू द्या. ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तीन गोष्टी जिथे आत्ता, या वेळी आहेत तिथे. जवळच्या छोट्या दवाखान्यात, तिथून सोनोग्राफीला, तिथून तिसरीकडे, अशा फेऱ्यांत जीव जातात. ज्यांच्याकडे आकडे आणि सोनोग्राफी चालू आहे त्यांनी आधीच उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाचा रस्ता आणि रात्रीचं वाहन पाहून ठेवा. रक्तगट माहीत असू द्या. सहीसाठी नवरा पुण्याहून येईपर्यंत थांबू नका. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते.

नाडी आणि हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणूनही ढिले पडू नका. तरुण शरीर बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं.

उपचार कोणता

नळी फुटली असेल तर ऑपरेशन, दुसरा मार्ग नाही. फुटलेली नळी काढून बाई वाचवता येते हे बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी 1883 मध्ये दाखवून दिलं. आज ते बहुतेकदा दुर्बिणीतून होतं, रक्तदाब पडलेला असेल तर पोट उघडून.

फुटायच्या आधी सापडलं तर मेथोट्रेक्सेट हे इंजेक्शन देता येतं. ते वाढत्या पेशी थांबवतं. आकडा 5000 च्या आत, गाठ लहान, गर्भाचे ठोके नाहीत, लिव्हर-किडनी ठीक, अंगावर पाजत नाही, आणि मुख्य म्हणजे बोलावलं की परत येऊ शकते, अशा बाईला. चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा करतात. चौथ्या दिवशी तो वाढलेला दिसू शकतो, घाबरू नका. चौथ्या ते सातव्या दिवसात निदान 15 टक्के उतरायला हवा. मग शून्य होईपर्यंत दर आठवड्याला. या काळात रक्तवाढीच्या लाल गोळ्या बंद! त्यांत फॉलिक ॲसिड असतं आणि ते औषधाच्या बरोबर उलट काम करतं. ही गोष्ट दवाखान्यातून सुटताना सांगायची राहून जाते आणि घरी सासूबाई मायेने रोज गोळी देत राहतात. ब्रुफेनसारख्या पेनकिलर, दारू, संबंध, कडक ऊन हेही टाळायचं. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि जोरात दुखलं तर दवाखाना.

माझं मत विचाराल तर, कुटुंब पूर्ण झालेल्या आणि नसबंदी फसलेल्या बाईने इंजेक्शनमागे लागू नये. जी नळी तिला नकोच आहे ती वाचवण्यासाठी महिनाभर रक्त देत फिरायचं कशाला? दुर्बिणीतून नळी काढून घ्यावी, आणि भूल द्यायच्या आधीच डॉक्टरांना विचारावं, "दुसऱ्या बाजूचीही काढणार ना?" तब्येत स्थिर असेल तर ते त्याच वेळी होतं.

मूल हवं असलेल्यांचा प्रश्न वेगळा. नळी ठेवायची की काढायची? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, दुसरी नळी निरोगी असलेल्यांत, तीन वर्षांत आपोआप गर्भ राहण्याचं प्रमाण नळी ठेवलेल्यांत 60.7 टक्के आणि काढलेल्यांत 56.2 टक्के होतं; एवढा फरक सांख्यिकीत धरला जात नाही. नळी ठेवली तर गर्भाचा अंश मागे राहण्याचा धोका मात्र 7 टक्के. दुसरी नळीही खराब असेल तर गणित बदलतं, ते सर्जनशी बोलून ठरवा.

खर्चाची अडचण असेल तर दाखल होतानाच महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) गाठा. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर उशीर झालेला असतो.

घरी आल्यावर, आणि पुढे

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं 72 तासांत विचारा. काढलेल्या नळीचा तपासणी अहवाल आणा. नळी ठेवली असेल तर बीटा शून्यावर येईपर्यंत तपासणी सुरूच. मेथोट्रेक्सेट घेतलं असेल तर तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बाई गप्प गप्प राहत असेल तर नको असलेला गर्भ गेला म्हणून ती खूशच असेल असं धरून चालू नका.

पुन्हा नळीत गर्भ राहण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणून पुढच्या वेळी किट पॉझिटिव्ह आलं की त्याच आठवड्यात बीटा, आणि सहाव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी. नळ्या जोडून घेतलेल्यांनाही हेच लागू. जोडण्याचा विचार करत असाल तर रिंग घातलेल्या नळ्या जाळलेल्यांपेक्षा चांगल्या जोडता येतात, आणि जोडल्यावर नळी निदान 4 सेंटिमीटर राहावी. नळ्या टीबीने खराब झाल्या असतील तर त्या उघडून घेण्यात पैसा घालू नका. पाणी भरून फुगलेली नळी असेल तर टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी ती काढून टाकल्याने यश वाढतं. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ थेट पिशवीत सोडतात, तरी तो नळीत सरकू शकतो. टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र घडवणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी 1976 मध्ये जगाला कळवलेला टेस्ट ट्यूबचा पहिला गर्भ नळीतच रुजला होता.

सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात केलेली नसबंदी फसली असेल तर केंद्राच्या कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेत दावा करता येतो. मुदत 90 दिवसांची असते आणि ती ऑपरेशनपासून नाही, फसल्याचं कळल्यापासून मोजतात. नसबंदीचं प्रमाणपत्र, सोनोग्राफी, बीटाचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या नळीचा अहवाल जोडावा लागतो. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि दाखल केल्याची तारखेसह पोच घ्या.